पाला कडूच लागला

झुंबरबाईला लग्नानंतर चौथ्या वर्षी पान लागलं होतं. साप चावला असं तोंडानं म्हणायचं नाही, पान लागलं म्हणायचं, हे मांडवगणाच्या त्या वस्तीवर आजही पाळतात. तेव्हा तिला शिवेवरच्या देवळात नेऊन निजवलं, आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत ती उठून भाकरी मागायला लागली. तेव्हापासून कुणालाही पान लागलं की देवळात झुंबरबाईला बोलावणं. माणसाच्या उशाशी बसायचं आणि "मी हाय का न्हाई जित्ती?" एवढंच विचारायचं. या मानावर एकेचाळीस वर्षं तिनं कुणाची भीडभाड ठेवली नव्हती.

आज सकाळी नातसून मोनाली गाईला घास कापत होती. घोट्यापाशी काहीतरी टोचलं. घासातून सळसळत काय गेलं ते नीट दिसलं नाही. घोट्यावर दोन बारीक टिपके, सूज नाही की ठणका नाही. तिचा नवरा इंद्रजीत कारेगावला कंपनीत, पहिल्या पाळीला. म्हणजे ठरवायचं झुंबरबाईनंच.

तोवर तिचे धाकटे दीर साहेबराव कडुलिंबाचा पाला घेऊन हजर झाले.

"चाव पोरी. कडू लागला तर विष न्हाई. गोड लागला तर मग बघू."

मोनालीनं चावला आणि थुंकून टाकला. "कडूजार हाय, आबा."

"झालं मग," साहेबरावांनी हात झटकले. "देवळात घेऊन जाऊ. वहिनी, तुम्ही चला म्होरं. दुपारच्या जेवणाला माघारी येतो."

जमलेल्या बायका झुंबरबाईकडं बघायला लागल्या. तिनं पदर खोचला, पाऊल उचललं आणि तिथंच थांबली.

तिला सखूबाई आठवली. झुंबरबाई वाचली त्याच साली, दोन महिन्यांनी, पलीकडच्या मळ्यातल्या सखूबाईला त्याच देवळात आणलं होतं. झुंबरबाई कुणाच्या उशाशी पहिल्यांदा बसली ती तेव्हाच. सखूबाईनं पाला चावून तोंड वेंगाडलं होतं, कडू लागतोय म्हणाली होती. सगळे निर्धास्त झाले. पुढं तिच्या पापण्या मिटायला लागल्या, आणि दिवेलागणीला ती गेली. झुंबरबाईची तर स्वतःच्या वेळी भीतीनं जीभच सुकली होती. पाला गोड लागतोय म्हणाली होती, आणि वाचली होती.

देवळात आणलेल्यांत आणखी कोण कोण गेलं, त्यांची नावं तिनं मनातल्या मनात घेतली. तीन आठवली. कुणाचं उशीर झाला म्हणून, कुणाचं नशीब म्हणून सोडून दिलेलं. वाचलेले मात्र दर यात्रेत सांगत फिरत, आणि त्यांत सगळ्यांत मोठा आवाज तिचाच.

"नवनाथ, पिकअप काढ," ती शेजारच्या दूधवाल्याला म्हणाली. "दौंडला दवाखान्यात जायचं. हिला चालवू नका, उचलून घाला."

"वहिनी, पाला कडू हाय की," साहेबराव म्हणाले.

"सखूबाईला बी कडूच लागला व्हता. माझ्या म्होरं."

"मग तुम्ही कशा वाचल्या?"

"मला काय म्हाईत. त्या सापाला इचारा, घावला तर."

"आन् दवाखान्यात काहीच निघालं न्हाई तर? मानसं हसतील."

"हसू द्या. त्यानं कुनी मरत न्हाई. देवळात बसलो आन् विष निघालं, तर इंद्रजीतला तुम्ही सांगनार का, पाला कडू व्हता म्हनून?"

पिकअप निघाली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्त काचेच्या नळीत ठेवून गोठतं का ते बघितलं. दर तासाला मोनालीला पापण्यांची उघडझाप करायला लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी सोडलं. विषाची एकही खूण नव्हती.

"साप बिनविषारी असेल, नाहीतर चावूनही विष सोडलं नसेल. नक्की काय ते मला सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या. "विषारी साप चावला तरी बऱ्याच जणांच्या अंगात विष उतरत नाही."

"म्हंजी मी बी त्यातलीच?" झुंबरबाईनं आपली हकिकत सांगून विचारलं.

"असाल."

झुंबरबाई मोनालीला घेऊन माघारी निघाली.

वस्तीवर साहेबराव वाटच बघत होते. "विष नव्हतंच. मी म्हनलं व्हतं."

"नव्हतं हे आज कळलं, भावजी. काल तुम्हाला बी म्हाईत नव्हतं आन् मला बी. म्हाईत नसताना काय करायचं ते मी केलं. उद्या परत असं झालं तर परत जाईन, आन् परत मोकळीच आले तरी त्याच्या म्होरच्या टायमाला जाईन."

"आता देवळात तुम्हाला कोन बोलवतंय?"

हे मात्र तिला लागलं. ती म्हणाली, "नका बोलवू. नवनाथला बोलवा."

तीन दिवसांनी मोनाली विळा घेऊन निघाली, तेव्हा झुंबरबाईनं इंद्रजीतचे कंपनीतले जुने बूट तिच्यापुढं टाकले.

"आज्जी, लई मोठं हायत."

"चिंध्यांचे बोळे कोंब."

"बाया हसतील की मला."

"मी बी हसंन. घाल."

मोनाली फदक फदक पाय टाकत बांधावर गेली, काठीनं घास चांगला बडवला आणि मग आत शिरली.