वस्तादांच्या पावातलं मीठ

विमा कंपनीची बाई पहिल्यांदा बेकरीत आली तेव्हा मी तिला सरळ दार दाखवलं होतं. सकाळची गर्दी, सुट्ट्या पैशांची बोंब, आणि त्यात कुणी गळ्यात ओळखपत्र अडकवून गोड हसत उभं राहिलं की माझं डोकं फिरतं. मी म्हटलं, पाव हवा असेल तर रांगेत या, पॉलिसी विकायची असेल तर पुढचं दुकान बघा. ती निमूटपणे रांगेत गेली, पाव घेतला आणि गर्दी ओसरेपर्यंत बाहेरच्या बाकावर तो खात बसली. एवढ्या चिवट माणसाला किती हाकलणार? शेवटी मीच तिला आत बोलावलं.

तिला काहीच विकायचं नव्हतं. तिच्या कंपनीने आमच्या भागातल्या लोकांना हाताशी धरून एक काम सुरू केलं होतं. कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे रक्तदाब मोजायचं यंत्र ठेवलं होतं, बागेत चालणाऱ्यांच्या गटाला आठवड्यातून एकदा नर्स भेटत होती. न्हाव्याच्या खुर्चीत बसणाऱ्या निम्म्याअधिक लोकांचा रक्तदाब चढलेला निघाला, तेव्हा इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं की ही माणसं रोज खातात तरी काय? उत्तर निघालं, आमचा पाव. पाव खारट लागत नाही, पण तिन्ही त्रिकाळ खाल्ला की मीठ पोटात जातंच. तर ते आम्ही कमी करू का, असं ती विचारत होती.

मी विचारलं, यात तुमचा काय फायदा?

"लोक कमी आजारी पडले की कंपनीचे पैसे वाचतात," ती म्हणाली. "आणि लोक जगतात. दोन्ही एकदम होत असेल, तर मला त्यात लाज वाटत नाही."

मला आडपडदा ठेवणाऱ्यांचा राग येतो, त्यामुळे ही बाई मला तिथेच आवडली. पण मी हो म्हटलं त्याचं खरं कारण वेगळं होतं. खरं कारण भट्टीजवळच्या स्टुलावर बसलं होतं.

ते म्हणजे माझे सासरे. अख्खी गल्ली त्यांना वस्ताद म्हणते, मी मामंजी म्हणते. बेकरी त्यांची, पावाची चव त्यांची. पण दीड-दोन वर्षांपूर्वी रक्तदाब वाढून त्यांना झटका आला, डावा हात कमजोर झाला आणि डॉक्टरांनी मीठ बंद केलं. मिठाबरोबर पावही गेला. ज्यांच्या हातचा पाव सारी वस्ती खाते, त्यांना स्वतःच्या घरात त्याचा घास नाही. भट्टीतून निघालेला पाव ते हातात घ्यायचे, बुडावर बोटाने ठोकून कानाशी धरायचे, वास घ्यायचे आणि परत ठेवून द्यायचे. अळणी जेवण मुकाट्याने जेवायचे. त्यांनी एकदा तरी ताट ढकललं असतं तर मला बरं वाटलं असतं. या माणसाला त्याचा स्वतःचा पाव खायला मिळालाच पाहिजे, असं मी मनाशी ठरवून टाकलं. मीठ पुरेसं उतरलं तर रोज एखादा तुकडा चालेल, असं डॉक्टरही म्हणाले.

मामंजींनी मात्र साफ नकार दिला. त्यांच्या पावाला हात लावायचा नाही म्हणजे नाही. मग मी आमच्या यांना गाठलं. हे म्हणजे गरीब गाय. बापाचंही पटतं, बायकोचंही पटतं. त्यातल्या त्यात मी जवळ उभी होते, म्हणून दुसऱ्या दिवशी यांनी तीन मुठी मिठाच्या जागी एकच मूठ टाकली.

हात दाखवून अवलक्षण! पीठ फसफसून काथवटीबाहेर आलं. पाव भट्टीतून निघाले ते चपटे आणि पांढरेफटक. रिटायर झालेले मास्तर रोजचे गिऱ्हाईक, जिभेला हाड नसलेला माणूस. त्यांनी आपला पाव परत आणून काउंटरवर ठेवला आणि हा खायचा आहे की उशीत भरायचा, असं विचारलं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मामंजी स्टुलावरून उठले. आता हे घर डोक्यावर घेणार, असं मला वाटलं. पण त्यांनी काथवटीत उजवा हात घातला, पीठ ओढून बघितलं आणि लेकाला म्हणाले, मीठ काय नुसतं चवीला असतं? ते यीस्टला आवरून धरतं. तू लगामच काढून घेतलास, मग घोडा उधळणार नाही तर काय होईल? मीठ कमी केल्याचा राग त्यांना नव्हताच, पाव वाईट झाल्याचा होता.

"करायचंच असेल तर माझ्या नावाला शोभेल असं करा," ते म्हणाले. "बोलवा त्या विमेवालीला."

ती आली आणि आहारतज्ज्ञ बाईंना घेऊन आली. कंपनीने वजनकाटा दिला आणि दर आठवड्याला एक पाव प्रयोगशाळेत तपासून आणायचा खर्चही उचलला. काटा येताच पहिल्याच दिवशी आमची अब्रू गेली. आमच्याकडे मीठ मुठीने पडायचं आणि ती मूठ मामंजींची. ते आजारी पडल्यावर यांनी तेवढ्याच मुठी टाकल्या, पण यांचा पंजा म्हणजे फावडं. मामंजींच्या मुठीपेक्षा दीडपट मीठ भरलं. म्हणजे मिठामुळे बापाला झटका आला आणि लेक गल्लीला आणखी मीठ चारत होता! पाव घट्ट वाजतोय, असं मामंजी स्टुलावरून कितीदा म्हणाले होते. पण त्यांना चाखायची बंदी आणि आम्हाला कानाची अक्कल नाही. त्या दिवसापासून हे चिमूटभर मीठही काट्यावर तोलूनच घ्यायला लागले.

त्यानंतर मामंजी आणि आहारतज्ज्ञ बाई यांची जी जुंपली, ती बघायला मी कामं टाकून उभी राहायचे. बाई म्हणायच्या, जिभेला धक्का द्यायचा नाही, थोडं कमी करा, लोकांना सवय होऊ द्या, मग पुन्हा थोडं. मामंजी म्हणायचे, मग यीस्टही कमी, पाणी गार, आणि पीठ रात्रभर निवांत पडू दे, चव वेळेने येते. बाईंनी जन्मात पीठ मळलं नव्हतं, मामंजींनी प्रयोगशाळा पाहिली नव्हती. दोघं एकमेकांचं ऐकून घ्यायचे, भांडायचे, पुन्हा ऐकायचे. पाव उतरत्या मिठाने फुगत गेला, तांबूस होत गेला आणि गिऱ्हाइकांतलं कुणी चकार शब्द बोललं नाही.

मला ते तसंच गुपचूप चालू ठेवायचं होतं. लोक जिभेने कमी आणि कानाने जास्त खातात. मीठ कमी आहे, असं नुसतं कळलं तरी उद्या पाव अळणी लागणार आणि गिऱ्हाईक दुसरी बेकरी धरणार. मामंजी ऐकेनात. "चोरून औषध पाजायला ती काय तान्ही बाळं आहेत?" म्हणाले. "ज्या दिवशी सगळ्यांना सांगशील, त्या दिवशी मी तुकडा मोडीन. तोवर नाही."

ज्या घासासाठी मी एवढा खटाटोप मांडला, तोच त्यांनी माझ्या धंद्याच्या भीतीला बांधून ठेवला. शेवटी मीच नमतं घेतलं.

मीठ ठरल्या मापावर उतरल्याचं प्रयोगशाळेने कळवलं, त्या आठवड्यात विमेवाली दुकानावर लावायची 'कमी मिठाचा पाव' अशी पाटी आणि एक फोटोवाला घेऊन आली. न्हावी आपलं यंत्र घेऊन बाकावर बसला होता, बागेतली मंडळी चालून परस्पर इकडेच आली होती. कंपनीच्या बाईने बोलावं, असं मी सुचवलं, तर मामंजी म्हणाले, तू बोल, तुझा आवाज पोचतो. मी काउंटरला घट्ट धरलं आणि सगळं सांगून टाकलं. मुठीचं आणि फावड्याचंही.

मास्तरांच्या हातात त्यांचा पाव होता, नेहमीप्रमाणे काउंटरशीच शेंडा तोडून खाल्लेला. ते पावाकडे बघत राहिले.

"म्हणजे इतके दिवस मला कळलंच नाही," ते म्हणाले. "आणखी एक द्या. आणि पुढच्या वेळी आधी सांगत जा. या वयात नापास व्हायला बरं वाटत नाही."

लोक हसले, रांग लागली आणि माझा जीव भांड्यात पडला. मी ताज्या पावाचा तुकडा कापून मामंजींच्या हातात दिला. फोटोवाला पुढे सरसावला. मामंजींनी घास घेतला, डोळे मिटून सावकाश चावला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"खारट आहे," ते म्हणाले.

सगळे पुन्हा हसले, पण मामंजी थट्टा करत नव्हते. आहारतज्ज्ञ बाई हळूच म्हणाल्या, वस्ताद, इतके दिवस मिठाशिवाय राहिलात, आता तुमची जीभच तशी झाली आहे. मला रडूच येणार होतं. ज्याची एवढी वाट पाहिली तो घास मिळाला, आणि तोही असा!

त्यांनी राहिलेला तुकडा शांतपणे संपवला, तळहातावरचा चुराही टिपून खाल्ला.

"खारट लागतोय म्हणजे अजून कमी करायला जागा आहे," ते म्हणाले. "सूनबाई, काटा आण."

आणि पाटी, विमेवाली, फोटोवाला सगळ्यांना तिथेच सोडून ते बाह्या सावरत आत निघाले, उद्याचं पीठ भिजवायला. हे त्यांच्यामागे धावले. अभिमानाने माझा ऊर भरून आला होता, पण रांग खोळंबली होती. मी फोटोवाल्याला सांगितलं, फोटो काढायचा असेल तर आत जा, वस्ताद कामाला लागलेत.