अडुसष्ट नंबरचा दगड

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी जुन्या तटबंदीच्या दक्षिण बुरुजाची दर्शनी भिंत कोसळली. कोणाला इजा झाली नाही. फाटकावरचा पहारेकरी चहाला गेला होता आणि बुरूज बघायला आलेलं एकुलतं एक जोडपं सुट्ट्या पैशांवरून त्याच्याशी हुज्जत घालत त्याच्या मागोमाग टपरीपर्यंत गेलं होतं.

पेंटरला हे शेजारच्या सायकलवाल्याने सांगितलं. तो तेव्हा दुकानात एका दवाखान्याची पाटी रंगवत होता. त्याने ब्रश खाली ठेवला नाही. शेवटचा काना ओढून पुरा केला आणि मग विचारलं, "कुठून सुटली?"

"मधूनच. पोट पुढे आलं आणि धाडकन खाली, म्हणे."

पेंटरने ब्रश रॉकेलच्या डब्यात टाकला आणि तो तिथेच स्टुलावर बसला.

बुरुजाचा इतिहास त्याला तोंडपाठ होता. फाटकाजवळचा निळा फलक त्याच्याच हातचा. 'या बुरुजाने तीन वेढे पाहिले. शेवटचा वेढा अकरा महिने चालला. आतली माणसं उपासमारीने शरण गेली, बुरूज गेला नाही.' मजकूर पुरातत्त्व खात्याच्या अधिकारीणबाईंचा होता, पण शेवटचे तीन शब्द जरा मोठे काढण्याची कल्पना पेंटरची. बाईंनाही ती आवडली होती.

फलक रंगवला ते वर्ष दुरुस्तीचं, दोन वर्षांपूर्वीचं. भिंतीला फुगवटा आला होता, म्हणून ती दगड दगड करून उतरवायची आणि होती तशीच पुन्हा रचायची असं ठरलं. एकूण दोनशे बारा दगड. भिंतीत असतानाच प्रत्येकावर नंबर टाकायचं काम पेंटरला मिळालं. आकडे इंग्रजीत, कारण नकाशावर तसेच होते. पहिल्याच दिवशी बाईंनी बजावलं होतं, "सहा आणि नऊ असेल तिथे आकड्याखाली रेघ मारा. उतरवलेले दगड शेजारच्या शेतात उलटेपालटे पडणार. खालची बाजू कुठली ते कळलं पाहिजे."

पेंटरने वीसेक दगडांपर्यंत रेघा मारल्या. मग शिडीवरून उतरून चार पावलं मागे जाऊन बघितलं. देखण्या आकड्याला कोणी कुबडी दिल्यासारखं दिसत होतं. तीस वर्षं अक्षरं काढलेल्या माणसाला ते बघवेना. "माझ्या सहाला टेकू कशाला? पोटावर बसलाय की तो ऐटीत," तो स्वतःशीच म्हणाला आणि पुढे रेघ सोडून दिली. कोणी तपासलं नाही.

दगड रचायला होता मिस्त्री. पेंटरची मुलगी मिस्त्रीच्या मुलाला दिलेली, म्हणजे दोघे व्याही. कामावर मात्र थट्टा चाले. एका दुपारी पेंटर फलकाच्या शिडीवर असताना मिस्त्रीने खालून हाक मारली.

"व्याही, हा एकोणनव्वदच ना?"

"आकडा काय सांगतो?"

"आकडा तेच सांगतो. पण फार लांब आहे हो. मागे जुनी भिंत लागतेय, दीड हात शेपूट बाहेर राहतंय. पालथा पडला होता शेतात, म्हणून विचारतो. डोकं कुठलं याचं? जरा खाली उतरून बघता का?"

फलकावर ओला रंग होता. पेंटर उतरला नाही. "अहो, आकडा माझ्या हातचा आहे. तुमच्या घरची लग्नपत्रिका नव्हे, नवऱ्यामुलाचं नाव चुकायला!"

खालचे मजूर हसले. मिस्त्रीही हसला. मग छिन्नीचे घाव सुरू झाले. ते अर्धा-पाऊण तास चालले होते. शेपूट तोडून मिस्त्रीने दगड बसवला.

तो एकोणनव्वद नव्हता. 68 उलटा धरला की 89 दिसतो आणि 89 उलटा धरला की 68. अडुसष्ट हा लांब दगड होता, भिंतीचं तोंड तिच्या पोटाशी बांधून ठेवणारा. त्याच्या जागी आखूड एकोणनव्वद गेला. मागे राहिलेली पोकळी मिस्त्रीने चिपा आणि चुना घालून भरली. या वेळी त्याने कोणाला विचारलं नाही. एकदा हसं झालं होतं तेवढं पुरे.

काम संपलं त्या संध्याकाळी पेंटर भिंतीसमोर उभा होता. त्याच्या हातच्या आठाचं डोकं लहान आणि बूड मोठं. दोनशे बारा दगडांत दोन आठ डोक्यावर उभे दिसले. त्याला लगेच कळलं. दुसऱ्या दिवशी तारेच्या ब्रशने आकडे घासून काढणार होते. पेंटर घरी गेला. आकडे निघाले. दोन वर्षं तो त्या रस्त्याने गेलाच नाही. बाजाराला जाताना लांबचा वळसा घ्यायचा.

गुरुवारी तिकीटघराच्या खोलीत खात्याची चौकशी समिती बसली. ढिगाऱ्यातून तो दगड काढून दाराशी ठेवला होता. तोडलेली बाजू आजही पांढरी होती. बाकावर पेंटर बसला होता, समोर मिस्त्री उभा.

"हा कोणी तोडला?" समितीतल्या इंजिनिअरने विचारलं.

"मी."

"का?"

"बसत नव्हता साहेब."

"तोडण्याआधी कोणाला विचारलं?"

मिस्त्रीने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "नाही. कोणाला नाही."

पेंटरने खिडकीकडे बघितलं. तिच्या काचेवर एक माशी चढत होती. ती वरपर्यंत गेली, तोवर मिस्त्रीची सही झाली होती. जुन्या दगडांवर एकतीस वर्षं काम केलेल्या माणसाचं नाव खात्याच्या यादीतून काढावं, अशी शिफारस त्याच कागदावर होती.

परतताना मिस्त्रीनेच आग्रह केला. "चला घरी. असं तोंड पाडून का जाता? वाडगं माझ्या हातात येणार आहे, तुमच्या नाही."

घरी पेंटरच्या मुलीने चहा आणला. दोघांकडे आळीपाळीने बघत ती उभी राहिली.

"मामंजी, बाबांनी दिलेल्या नंबरावरूनच लावला होता ना दगड? मग ते सांगायचं की तिथे! बाबा, तुम्ही तरी बोलायचं. तुमचा आकडा चुकत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे."

"तेच तर," मिस्त्री म्हणाला. "आकडा यांचा बरोबर. मीच उलटा धरला असणार. त्यात यांचं नाव कशाला ओढायचं? नात्यातला माणूस." मग पेंटरकडे वळून म्हणाला, "तुमच्या कामालाही बट्टा लागला माझ्यापायी. राग धरू नका, व्याही."

पेंटरने तोंड उघडलं. मुलगी त्याच्याकडे बघत होती. त्याने चहाचा घोट घेतला. चहा गोड झालाय, असं म्हणाला.

शुक्रवारी दहा वाजता तो खात्याच्या कचेरीत गेला. अधिकारीणबाईंनी त्याचं सगळं म्हणणं ऐकलं, कोरा कागद पुढे सरकवला. रेघ, शिडी, लग्नपत्रिका, डोक्यावर उभे आठ, सगळं त्याने लिहिलं. अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं, त्याचीही त्याला लाज वाटली.

"हे काल का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

"आणि आज?"

"कालच्यापेक्षा जास्त वाटते. पण काल व्याह्यांनी माझीच माफी मागितली."

बाईंनी कागदावर शिक्का मारला. "याची एक प्रत मिस्त्रींना जाईल. नियमच आहे, त्यांना उत्तर द्यायची संधी मिळायला हवी. वाचता येतं ना त्यांना?"

"आकडे येतात. सही येते," पेंटर म्हणाला. "घरी आलेली पत्रं सून वाचून दाखवते. माझी मुलगी."

बाईंनी मान डोलावली आणि पाकिटावर पत्ता लिहायला घेतला.

पत्र शनिवारी रजिस्टर पोस्टाने गेलं. समितीचा अहवाल अजून आलेला नाही. बुधवारी संध्याकाळी कचेरी बंद झाली तोवर पत्राची पोच परत आली नव्हती.