झरीच्या लांबगाडीवरचे लाल ठिपके

मी एक जुनी, लांबलचक, अमेरिकेत जन्मलेली मोटार आहे, मित्रांनो. कागदावर माझी जात 'स्टेशन वॅगन' अशी लिहिलेली आहे, पण परभणी तालुक्यातल्या झरी गावात हे नाव कुणाच्या तोंडी बसलेच नाही. इथे मी लांबगाडी. माझे छप्पर पार मागच्या टोकापर्यंत सरळ जाते, मागचे दार खाली उघडते आणि मधले बाकडे आडवे पाडले की आत एक अख्खी गादी मावते. माझे स्टिअरिंग डाव्या बाजूला आहे. नवा माणूस नेमका उजवीकडून चढतो आणि समोर काहीच नाही म्हणून ओशाळतो.

हैदराबादला शिकवायला आलेल्या एका परदेशी प्राध्यापकाबरोबर मी जहाजातून या देशात आले. तो परत गेला आणि मी एका बंगल्याच्या आवारात चिंचेखाली उभी राहिले. तिथून १९७४ साली व्यंकटरावांनी मला झरीला आणले. त्यांची शेती होती, कापूस होता, बैल होते. गावात नव्हते ते आजारी माणसाला आडवे निजवून परभणीला नेईल असे वाहन. ते काम माझ्याकडे आले. पाय मोडलेली कडूबाई माझ्या खिडकीचा दांडा घट्ट धरून दवाखान्यापर्यंत गेली होती. चालू लागल्यावर तिने माझ्यासमोर नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या बॉनेटवर ठेवला. लग्नाच्या हंगामात मुले मला धुवायला भांडायची. ते दिवस माझ्या कौतुकाचे होते.

पुढे गावात जीपा आल्या, मग ॲम्ब्युलन्स आली. माझे काम संपले, तरी व्यंकटरावांनी मला पत्र्याच्या शेडमध्ये जपले. माझी देखभाल करायला परभणीहून बन्सीधर मिस्त्री यायचा. अगदी पोरसवदा होता तेव्हापासूनचे त्याचे येणे. माझे सुटे भाग या देशात मिळत नाहीत. कधी जीपचा, कधी ट्रॅक्टरचा भाग घ्यायचा, कानशीने घासून बसता करायचा, नाहीतर पत्र्यातून नवाच कापायचा, असे त्याचे काम. व्यंकटराव त्याच्या हाती किल्ली द्यायचे आणि खुशाल शेतात निघून जायचे.

तीन वर्षांपूर्वी व्यंकटराव वारले. मी त्यांच्या पत्नीकडे, सरजाबाईंकडे आले. माझी खरी गोष्ट इथून पुढची आहे.

सरजाबाईंना गाडी चालवता येत नाही. मी नवऱ्याची आठवण, म्हणून त्यांनी मला ठेवले. बन्सीधर दर पंधरा दिवसांनी रविवारी येतच राहिला. मजुरी मात्र घेईना. चहा प्यायचा, हात पुसायचा आणि जायचा. सुरुवातीला सरजाबाईंना त्याचे बरे वाटले. मग एके दिवशी त्यांचा पुतण्या शिवशंकर मोबाईल घेऊन आला. जुन्या परदेशी गाड्यांच्या एकेका भागाला शहरात केवढी मागणी असते, ते त्याने काकूंना दाखवले. जाता जाता सहज म्हणाला की, हा मिस्त्री एवढ्या लांबून फुकटात का येतो, याचा जरा विचार करा.

तेवढे पुरले. पुढच्या रविवारी सरजाबाई शेडच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. बन्सीधरने खिशात हात घातला की त्यांची मान उंच व्हायची. त्याची पिशवी येताना किती फुगलेली आणि जाताना किती, हे त्या डोळ्यांनी जोखायच्या. खरे सांगते, मित्रांनो, मीसुद्धा जोखू लागले. माझे दिवे पुढे आहेत. बॉनेट उघडले की आत काय चालले आहे ते मला दिसत नाही, फक्त हात लागलेला कळतो. तीस वर्षे ओळखीचा तो हात मला चोराचा वाटू लागला. नट ढिला केला की वाटायचे, हा परत आवळणार ना? का ढिलाच ठेवणार, म्हणजे पुन्हा येता येईल?

पोळा झाला. बैलांची शिंगे रंगवून डब्यात थोडा लाल रंग उरला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी सरजाबाईंनी माझे बॉनेट स्वतः उघडले, काडीच्या टोकाला रंग घेतला आणि हात पोचेल तिथे एकेक ठिपका दिला. कार्बोरेटरवर, पेट्रोलच्या पंपावर, स्टार्टरवर, ब्रेकच्या सिलिंडरवर. कोणता भाग कशाचा, त्यांना ठाऊक नव्हते. ठिपका गेला की भाग गेला, एवढाच त्यांचा हिशेब. मला त्या थंडगार रंगाचा दिलासा वाटला. म्हटले, आता कळेल.

रविवारी बन्सीधरने बॉनेट उघडले. नेहमी लगेच लागणारा त्याचा हात या वेळी मला लागला नाही.  मग त्याने नेहमीसारखे तेल पाहिले, पाणी पाहिले आणि चहा न पिता गेला.

पंधरा दिवसांनी मात्र तो ब्रेकचा सिलिंडर काढून घेऊन गेला. गळायलाय, एवढेच म्हणाला. आठवड्याने परत आला, खटपट करून काहीतरी बसवले आणि बॉनेट लावले. त्याची पाठ वळायच्या आत सरजाबाई उठल्या आणि त्यांनी ते पुन्हा उघडले. तिथे ठिपका नव्हता.

"बन्सीधर, ह्याच्यावर माझी खूण व्हती. कुठंय ती?"

"हाय माझ्याकडं, काकू."

"तुझ्याकडं कशाला हाय?"

त्याने खिशातली किल्ली काढून खुर्चीवर ठेवली आणि शांतपणे म्हणाला, "खूण बघितली म्या त्याच दिवशी. तवाच यायचं बंद कराया पायजे व्हतं."

तो गेला. सरजाबाईंना वाटले, चोर सापडला म्हणून पळाला. मलाही तसेच वाटले.

पाच महिने मी उभी होते. माझी बॅटरी बसली, टायरांतली हवा गेली, उंदरांनी मागच्या गादीत घर केले. सांभाळणारे कुणी उरले नाही म्हणून सरजाबाई मला विकायला तयार झाल्या आणि शिवशंकरने गिऱ्हाईक आणले. पुण्याचे भागवत साहेब. जुन्या गाड्या जमवणारे, जाणकार गृहस्थ. सरजाबाईंनी त्यांच्यावरही नजर ठेवलीच. त्यांनी बरोबर बॅटरी आणली होती, पेट्रोल आणले होते, टायरांत हवा भरायचा पंपही आणला होता. मला सुरू करून ते म्हणाले, रस्त्यावर नेऊन पाहतो. सरजाबाईंनी साफ सांगितले की आपणही गाडीत बसणार. घेऊन पळाले म्हणजे?

परभणीच्या रस्त्याला ओढ्याकडे उतार आहे. मी वजनदार आहे, उतारावर माझा वेग आवरत नाही. वळण घेतले आणि समोर ऊसतोड कामगारांच्या बैलगाड्यांची रांग. शेवटच्या गाडीत भांड्यांच्या ढिगावर एक बाई बाळाला घेऊन बसलेली. भागवत साहेबांनी ब्रेकवर पाय दाबला. माझी चारही चाके करकचून धरली गेली. मी तिरपी झाले आणि त्या गाडीपासून दोन हातांवर थांबले. बाईने बाळ छातीशी ओढले. सरजाबाईंचा हात समोरच्या फळीवर तसाच चिकटून राहिला होता.

भागवत साहेब खाली उतरले, बॉनेट उघडून बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी सरजाबाईंना जवळ बोलावले.

"ब्रेकचा भाग मूळचा नाही, बाई. त्यामुळे माझ्या दृष्टीने गाडीची किंमत कमी झाली. पण मूळचा असता तर आज आपण थांबलो नसतो. त्याची आतली रबरं झिजली की तेल गळतं, आणि नवी रबरं आता कुठंच मिळत नाहीत. दुसऱ्या गाडीचा हा भाग ज्यानं हातानं पट्टी कापून इथं बसवलाय, त्याला फार दिवस लागले असतील."

सरजाबाईंनी गाडी विकायची नाही म्हणून तिथेच सांगितले. दुसऱ्या दिवशी त्या जीपने परभणीला गेल्या. तिथे काय झाले ते मला पुढे त्यांच्याच बोलण्यातून कळले. बन्सीधरच्या दुकानात मांडणीवर माझे काढलेले सगळे जुने भाग होते. डिझेलने धुतलेले, कापडात गुंडाळलेले, काही वीस वर्षांपूर्वीचे. व्यंकटरावांनी त्याला सांगून ठेवले होते, या गाडीचे काही टाकू नको. ठिपक्याचा सिलिंडर सगळ्यांत पुढे होता.

आणि मजुरीचे म्हणाल, तर बन्सीधर पोरगा असताना एका गॅरेजवाल्याने त्याच्यावर पान्हे चोरल्याचा आळ घेऊन त्याला हाकलले होते. कुणी कामाला ठेवीना. व्यंकटरावांनी त्याला झरीला आणले, माझी किल्ली त्याच्या हातात दिली आणि ते शेतात निघून गेले. ही गोष्ट त्यांनी घरातही कधी काढली नाही. ती किल्ली मला आठवत होती, मित्रांनो. तिचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता.

"दादांनी मला एकदाबी इचारलं न्हाई," बन्सीधर म्हणाला होता. "तुमी इचारलं असतं तरी सांगितलं असतं, काकू. तुमी खूण केली."

"चुकलं माझं," सरजाबाई म्हणाल्या. 

तो लगेच आला नाही. दोन रविवार कोरडे गेले. तिसऱ्या रविवारी आला, उंदरांची घरे काढली, टायरांत पुन्हा हवा भरली. सरजाबाईंनी रॉकेलचा बोळा घेऊन उरलेले सगळे ठिपके स्वतः पुसले.

आता मी महिन्यातून एकदा परभणीपर्यंत जाऊन येते. खुर्ची शेडच्या दारातून उचलली गेली आहे. पण एक गोष्ट राहिली. बन्सीधर माझा कोणताही भाग काढतो तेव्हा आधी जमिनीवर पोते अंथरतो. काढलेला एकेक नट, एकेक वायसर त्यावर ओळीने मांडतो आणि सरजाबाईंना हाक मारून दाखवतो. त्या म्हणतात, "राहू दे रे, कशाला मांडायलास." तो मांडतच राहतो. सरजाबाई मग तिथेच उभ्या राहून शेवटच्या नटापर्यंत पाहतात. ते पाहणे त्यांना किती जड जाते, हे मला त्यांच्या श्वासावरून कळते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्राला तेल द्या, सावली द्या, आठवड्यातून एकदा तरी सुरू करा. आणि जो हात आमची काळजी घेतो, त्याच्याविषयी मनात काही आले तर त्याच्या समोर बसा आणि तोंडाने विचारा. मला बोलता येत नव्हते. तुम्हांला येते.