मोरूचा मिक्सर, कान्हूचा पंखा

रामवाडीतल्या मोरू नि कान्हू या सख्ख्या भावांची वाटणी झाली, तेव्हा पाटा थोरल्या मोरूकडे गेला नि वरवंटा कान्हूकडे. खोटं वाटत असेल तर माझ्या उरलेल्या दातांची शपथ. दोघांनी मग मिक्सर घेतले. घराच्या मधोमध भिंत घातली, ती एवढी जाड की पलीकडची शिंक इकडे पोचायला दुपार व्हायची. कित्येक वर्षं अबोला.

यंदा दोघांनी वेगळे मीटर घेतले. दोन्हीकडे ईएलसीबी बसली. म्हणजे शॉक बसताच वीज तोडणारा खटका. दुसऱ्याच दिवशी मोरूच्या बायकोने, सरूने, वाटणाला मिक्सर लावला आणि फट्! दोन्ही घरं बंद.

"वैनी, माझा पंखा बंद पाडलास ना!" पलीकडच्या खिडकीतून कान्हू ओरडला.

"तुझा पंखाच भित्रा!" मोरूने उत्तर दिलं.

"वाटण कसलं हाय?"

"जिताड्याचं. तुला नाय."

संध्याकाळी मागच्या दाराने कान्हूकडे माशाच्या कालवणाची वाटी गेलीच. मग रोजचंच झालं. मिक्सर, फट्, भांडण. भांडता भांडता गुडघेदुखीची चौकशी. सरू वाटण दुसऱ्या खोलीतल्या प्लगवर पुरं करायची, पण दुसऱ्या दिवशी मिक्सर पुन्हा खटका पाडणाऱ्या प्लगलाच लावायची.

कान्हूची सून सुरभी वैतागली. तिने रोह्याच्या कंपनीत शिफ्ट करणाऱ्या वायरमन प्रवीणला बोलावलं. त्याने बोर्ड उघडले.

"वायरिंग वाटणीआधीच्या एकत्र घराचंच राहिलंय. वीज मोरूकाकांकडून मिक्सरात जाते नि कान्हूकाकांच्या न्यूट्रलमधून, परतीच्या तारेतून, परत येते. गेली तिथून परत आली नाय, की दोन्ही खटके पडणारच."

त्याने न्यूट्रल वेगळे केले. निघताना मोरूने त्याला अंगणात गाठलं.

"होतं तसं परत जोडशील?"

"नाय काका. आपली वीज बंद केली असं समजून कोणी वायरला हात लावेल नि जीव जाईल."



दुसऱ्या दुपारी सरूने मिक्सर लावला. खटका पडला नाही. वाटण झालंसुद्धा, तरी ती फिरवत राहिली. समोरच्या माझ्या ओटीवरून मला दोन्ही खिडक्या दिसतात. कान्हूने स्वतःच्या हाताने पंखा बंद केला नि घाम पुसत भिंतीला कान लावून बसला. भिंतीच्या या बाजूला मोरूही तिला टेकूनच बसला होता.

एकाने तरी खाकरायचं होतं हो.