झाडावरची ताडी

सुट्टी संपवून हैदराबादला परतलं, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्रवंतीचे हात थरथरायला लागायचे. मग अंगभर मुंग्या. एकदा तर दातखीळ बसून ती वर्गातच कोसळली. तिचा बाप, बापू, येऊन गावी न्यायचा आणि संध्याकाळपर्यंत पोरगी ठणठणीत. मेंदूचा फोटो काढला, तो स्वच्छ. मोठ्या डॉक्टरनं तिच्यादेखत बापाला सांगितलं, "घरी गेलं की बरं वाटतं ना? मग हा आजार नाही, नाटक आहे."

बापाला तेवढंच हवं होतं. अंजय्या गौडाचं गावात ताडीचं दुकान, आणि पोरीच्या शिक्षणावर तो आधीपासून खार खाऊन. "कॉलेज हेच हिचं दुखणं," तो चारचौघांत म्हणू लागला. "आत्याचा मुलगा तयार आहे. येत्या माघात उरकून टाकू."

स्रवंती बापाला न कळवता दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी फोटो बाजूला सारला.

"दारू पितेस?"

"नाही."

"घरी जेवताना काय घेता?"

"ताडी."

"मग नाही कशाला म्हणालीस?"

"ताडी म्हणजे काय पिणं झालं?" स्रवंतीला खरंच राग आला. "आमच्याकडं म्हाताऱ्याकोताऱ्या पण घेतात."

बाईंनी तपासणी केली, तर रक्तात झोपेचं औषध सापडलं. "ताडीत याची पावडर मिसळतात," त्या म्हणाल्या. "सवय लागली आणि एकदम तुटली, की झटके येतात. या गोळ्या घेत हळूहळू सोडवू."

"म्हणजे नाटक नाही?" तिनं दोनदा विचारलं. नाही म्हटल्यावर तिला रडू आलं नाही, संताप आला. दुकान तिच्या बापाचं होतं.

घरी जाऊन तिनं जेवतानाच विषय काढला. "बापू, ताडीत पावडर घालतोस?"

"कोण म्हणतं? झाडावरून थेट येते आपली."

"मग दोन दिवस घेऊ नको."

"चार बुकं शिकली नि बापाला चोर ठरवायला निघाली. जा, नाही घेत. मला काय धाड भरलीय?"

पावडर त्याला ठाऊक होती, स्वतःचं अंग ठाऊक नव्हतं. कळत्या वयापासून त्याचा एक दिवस कोरडा गेला नव्हता.

पहिला दिवस त्यानं फुशारकीत काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा बशीबाहेर सांडला. दुपारी गिऱ्हाइकांवर खेकसला, ऊन लागलं म्हणाला. संध्याकाळी दोन्ही हात गुडघ्यांवर नाचू लागले, तेव्हा त्यानं बायकोला हाक मारली. "बालामणी, थोडी आण."

ती उठली, पण स्रवंती ताडीच्या मडक्यापुढं उभी राहिली.

"बिड्डा, पोरी, बाजूला हो गं. अंगात मुंग्या चालल्यात."

"नाटक करू नको, बापू."

बालामणीला काही उमगेना. ती एकदा नवऱ्याकडे, एकदा लेकीकडे पाहत होती. स्रवंतीनं आपल्या गोळ्यांची पट्टी काढली आणि मुठीत धरून ठेवली.

"आधी अम्माला सांग, मला काय आजार आहे."

अंजय्यानं हात मांड्यांखाली दाबून धरले. मान खाली घातली.

"तिला काही आजार नाही," तो बायकोला म्हणाला. "आपलीच ताडी आहे ती. मीच घालतो त्यात."

मग तिनं गोळी त्याच्या हातावर ठेवली. गोळी दोनदा खाली पडली.