अस्तराखालची गाठ

गिऱ्हाइकाच्या कोटाचं अस्तर उसवता उसवता शिंपीणबाईंची कात्री थांबली.

आठवड्यापूर्वी घशातून दुर्बीण घालून त्यांचं पोट तपासलं होतं. महिनाभर शौचाला काळं होत होतं, जिना चढताना धाप लागत होती. जठरात सुपारीएवढा फुगवटा दिसला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वरून अगदी गुळगुळीत आहे," आणि चिमट्याने एक कण काढून तपासायला पाठवला. आज रिपोर्ट आला. दोष नाही! यजमानांचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरीणबाईंची पुढची भेट त्यांनी दवाखान्याच्या खिडकीवरच रद्द करून टाकली.

धाकटी जाऊ हसत म्हणाली, "ताई, आमची गाऱ्हाणी साठली असतील तुमच्या पोटात. सगळ्यांचं ऐकता आणि गिळता!"

बाईही हसल्या होत्या. पण आता हातात हा कोट. खांद्याशी टोचतं, अशी तक्रार. अस्तरावर एक सुरकुती नव्हती, आणि खाली कापसाची भरण गोळा होऊन दगड झाली होती. नुसत्या अस्तराचा तुकडा कापून पाहिला असता, तर कोण म्हणालं असतं कोटात दोष आहे?

त्यांनी कात्री खाली ठेवली.

"अहो, ती रद्द केलेली भेट पुन्हा ठरवा."

"चांगलं झालेलं पचत नाही का तुला?"

"पोटाचंच तर विचारायचंय."

यजमानांनी रिपोर्टची घडी घातली. मग हळूच म्हणाले, "मला नको गं आता आणखी काही ऐकायला."

"ऐकेन मी. तुम्ही नुसते बाहेर बसा."

दोन दिवसांनी, पहाटेचा दिवा लावून, त्या दवाखान्यात गेल्या. नर्सने विचारलं, "पाण्याचा थेंबही नाही ना घेतला?"

"उपासाची सवय आहे हो. भीतीची नाही."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "भेट रद्द कशी केलीत? चिमट्यात वरचा पापुद्रा तेवढा येतो. गाठ खालच्या स्नायूत असेल, तर तो स्वच्छच निघणार. आज नळीच्या टोकाला सोनोग्राफी आहे. एकेक थर दिसेल, आणि सुई थेट गाठीत जाईल."

गुंगीतून जाग आली तेव्हा घसा सोलवटल्यासारखा झाला होता. मग सीटी स्कॅन. यंत्रातून आवाज आला, श्वास रोखा. बाईंनी देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली होती, ते अर्ध्यातच अडकलं. तेवढ्या वेळात त्यांना वाटलं, आपल्याला आतून कुणी उसवतंय आणि पुन्हा शिवणार की नाही, ते सांगत नाहीये.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. एकावर एक पट्टे, आणि चौथ्यात, स्नायूच्या थरात, काळा गोल. "जिस्ट म्हणतात तसली, जठराच्या भिंतीत वाढणारी आणि कधी पुढे पसरणारी गाठ वाटतेय. नक्की काय ते सुईचा रिपोर्ट सांगेल, आठ दिवसांनी. यकृतात पसरलेलं काही दिसत नाही. ऑपरेशनने काढता यावी."

"आणि मी आलेच नसते तर?"

"आलात ना," एवढंच त्या म्हणाल्या.

बाहेर यजमान बाईंची पिशवी छातीशी धरून बसले होते. बाईंना पाहताच ते उठले.

"आहे," बाई म्हणाल्या. "पण काढता येईल म्हणाल्या. द्या ती पिशवी."

त्यांनी दिली नाही. पिशवीचा बंद त्यांनी बोटांभोवती गुंडाळून घेतला. बाईंनी त्या बोटांवर आपला हात ठेवला.