परतीचं भाडं

भोंग्याने ट्रक गोदामाच्या मागच्या भिंतीला इतका चिकटवून लावला की उतरताना त्याला पोट आत ओढावं लागलं. लाल गाडी रस्त्यावरून दिसायला नको होती. सीटखालची लोखंडी टॉमी त्याने काढली, हातात तोलली आणि परत ठेवून दिली. डोकं फोडायला तो आला नव्हता. त्याला पोटावर मारायचं होतं.

बंदराच्या या शहरात तो पहिल्यांदाच रिकामी गाडी घेऊन आला होता. एरवी गावच्या कारखान्यातल्या फरशा असायच्या. मग एका निळ्या गाडीवाल्याने तिथे निम्मा भाव सांगितला आणि कारकुनाने भोंग्याला फाटकातूनच परत पाठवलं. निम्म्यात डिझेल सुटतं, बस्स. टायर, हप्ता, घर काय हवेवर चालवायचं? बायकोने त्या माणसाचं नाव ‘अर्ध्या’ ठेवलं होतं. घरात जेवताना ते नाव निघालं की भोंग्या ताटावरून उठायचा.

“रिकामी गाडी नेताय,” निघताना ती म्हणाली होती. “राग टाकीत ओतून गाडी चालत नाही.”

“सूड फुकटात मिळतो का कुठे?”

अर्ध्या याच शहरातला होता. त्याचं घरचं भाडं, म्हणजे गावातून नेहमी भरून न्यायचा माल, कोणता ते हुडकायचं आणि आणखी खाली पाडायचं, पदरचं घालावं लागलं तरी बेहत्तर. हप्त्याच्या दिवशी त्याच्याही बायकोला शेजारणीच्या दारात उसने मागायला उभं राहावं लागू दे.

दलालाच्या कचेरीसमोर निळी गाडी उभी होती. बाहेरच्या बाकावर एक किडकिडीत माणूस चहावर फुंकर मारत होता. भोंग्याने चहा घेतला आणि त्याला लागूनच बसला.

“निळी तुमची?”

“हप्ते फिटले की माझी.”

भोंग्याला हसू फुटणार होतं. त्याने ते चहाबरोबर गिळलं.

“घरचं भाडं कुठलं तुमचं?”

“होतं एक. कागदाचे गठ्ठे, फरशांच्या गावाला. पोरीचं कॉलेज त्याच्यावरच चाललं होतं. एका मेल्याने भाव मोडला.”

भोंग्याचा ग्लास ओठांपाशीच राहिला. कागदाचे गठ्ठे तोच न्यायचा, दर खेपेला. फरशांचं पूर्ण भाडं खिशात असायचं, परत जायचं ते नाहीतरी रिकामंच. म्हणून डिझेलपुरते पैसे मिळाले तरी तो गठ्ठे भरायचा आणि घरी जाऊन स्वतःच्या हुशारीच्या गोष्टी सांगायचा.

“कोण तो?” त्याने विचारलं.

“तोंड नाही बघितलं कधी. लाल गाडी आहे, आणि हॉर्न असा की गाभण म्हैस जागच्या जागी विईल. परतीचं म्हणून निम्म्यात उचलायचा. त्याचं परतीचं, पण माझं ते घरचं ना!” माणसाने ग्लास बाकावर आपटला. “मग मीही गेलो त्याच्या गावाला. फरशा निम्म्यात उचलल्या. बसला असेल आता माशा मारत.”

“सुटतं का त्यात?”

“डिझेल सुटतं.”

“आणि टायर?”

त्याने हनुवटीने निळ्या गाडीकडे दाखवलं. चाकं घासून गोटा झाली होती. भोंग्याची पुढची दोन तशीच होती.

तेवढ्यात दलाल फोन कानाला लावून बाहेर आला.

“अरे भोंग्या! लाल गाडी मागे दडवून इथे काय बसलायस? गठ्ठे तयार आहेत. नेहमीच्याच भावात ना?”

शेजारच्या माणसाने मान वळवली. तो भोंग्याकडे बघत राहिला. ‘त्याहूनही कमी’ हे दोन शब्द भोंग्याने सगळी वाट घोकले होते. ते आता जिभेवर आले आणि त्याला त्यांची किळस वाटली.

“पूर्ण भाव,” तो म्हणाला. “येण्याचा आणि जाण्याचाही.”

“डोकं फिरलं का? रिकामा जाशील.”

“जाईन.”

दलाल निळ्या गाडीवाल्याकडे वळला. “मग तू ने. निम्म्यात.”

तो अजून भोंग्याकडेच बघत होता. एक ‘हो’ म्हटलं असतं तर गठ्ठे त्याचे होते आणि शत्रू रिकाम्या हाताने परत गेला असता. त्याने तोंड पुसलं.

“त्याने सांगितला तोच माझा.”

“रडा मग दोघंही,” म्हणत दलाल आत गेला. खिडकीतून त्याचा आवाज येत राहिला. “गठ्ठे आहेत. निम्मा. परतीचंच आहे ना तुझं? ये, ये.”

भोंग्या उठला. त्या बाकावर बसायला त्याला तोंड नव्हतं.

“बसा,” निळ्या गाडीवाला म्हणाला. आवाजात माया नव्हती. “रिकामंच जायचंय, घाई कसली?”

भोंग्या बसला. दोघांमध्ये एका माणसाची जागा राहिली. चहा निवून गेला. मग गठ्ठे उचलायला फाटकातून एक पिवळी गाडी आत वळली. चालवणारा हसतमुख होता, त्याने बाकावरच्या दोघांनाही हात केला.

दोघांपैकी कुणीच हात वर केला नाही.

“याचं घरचं भाडं कुठलं असेल?” भोंग्याने विचारलं.

“कळेल,” निळ्या गाडीवाला म्हणाला आणि त्याच्याकडे सरकून बसला.